बसच्या जीपीएस नोंदींवरून मार्ग कसा सुधारावा : नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी

पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी या दोन बससेवा एकत्र होऊन २००७ मध्ये पीएमपीएमएल स्थापन झाली, तरी पुण्यातल्या थांब्यावर उभा असलेला माणूस आजही शेजारच्याला ‘पीएमटी गेली का?’ असेच विचारतो. बस या क्षणी कोणत्या चौकात आहे, याच्याशी त्याला फारसे कर्तव्य नसते. आणखी किती वेळ उभे राहावे लागेल आणि ही भरलेली सोडली तर मागची केव्हा मिळेल, एवढेच त्याला कळायला हवे असते. जीपीएस बसवून आणि भिंतीवरच्या पडद्यावर सरकणारे ठिपके पाहून या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. त्या ठिपक्यांवरून दोन बसमधला वेळ मोजला गेला आणि त्या आकड्यामुळे कोणीतरी बस सोडण्याची वेळ बदलली, तरच थांब्यावरच्या माणसाला फरक जाणवतो. आगारात, नियंत्रण कक्षात किंवा नियोजन विभागात नव्याने रुजू झालेल्यांना, तसेच हा विषय प्रकल्पासाठी घेणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि नागरिक गटांना तिथपर्यंत कसे पोहोचता येईल, ते येथे क्रमाने सांगितले आहे.

पहिली पायरी : संगणकाआधी थांबा

संपूर्ण शहर हाती घेण्याचा मोह टाळावा आणि एकच मार्ग निवडावा. तो गर्दीचा असावा, त्यावर दर दहा-पंधरा मिनिटांनी बस असावी आणि आपण स्वतः त्यावरून नियमित ये-जा करू शकू असा असावा. येथे उदाहरणासाठी कात्रज ते शिवाजीनगर हा मार्ग घेऊ.

मार्ग ठरला की वही आणि घड्याळ घेऊन एखाद्या मधल्या थांब्यावर, समजा पद्मावतीला, सकाळी आठ ते दहा उभे राहावे. प्रत्येक बस आल्याची वेळ, बसचा क्रमांक, पाटीवरचा मार्ग आणि बस थांबली की न थांबताच गेली, एवढे चार रकाने पुरतात. हे काम कंटाळवाणे वाटते आणि बहुतेक नवखे ते टाळतात, परंतु पुढे संगणकाने काढलेला हिशेब खरा की खोटा हे ताडून पाहण्यासाठी याच दोन तासांच्या नोंदी उपयोगी पडतात. शिवाय पाटीवर एक मार्ग आणि यंत्रणेत दुसराच, असे प्रकार वहीशिवाय सापडत नाहीत.

दुसरी पायरी : यंत्र काय सांगते आणि काय सांगत नाही

बसमधले यंत्र उपग्रहांचे संकेत घेऊन आपले स्थान काढते आणि सिमकार्डाच्या साहाय्याने ते ठरावीक सेकंदांनी सर्व्हरला पाठवते. स्थान निश्चित होण्यासाठी किमान चार उपग्रह दिसावे लागतात; मोकळ्या आकाशाखाली चूक साधारणतः काही मीटरच असते, उंच इमारतींच्या मधोमध ती वाढते. भारतात १ जानेवारी २०१९ पासून नव्याने नोंदणी होणाऱ्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना एआयएस १४० या मानकाचे यंत्र आणि आपत्कालीन बटण बंधनकारक झाले. अशा यंत्रात स्वतःची बॅटरी असते आणि मोबाइलचे नेटवर्क नसताना नोंदी साठवून नंतर पाठवण्याची सोय असते. त्यामुळे नोंद सर्व्हरवर पोहोचल्याची वेळ आणि ती प्रत्यक्षात घेतल्याची वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हिशेबात नेहमी दुसरीच धरावी.

यंत्र काय सांगत नाही, हे जास्त महत्त्वाचे. बस कोणत्या मार्गावर आहे, ही तिची कितवी खेप आहे, ती प्रवाशांसह धावते आहे की रिकामी आगाराकडे निघाली आहे, यातले काहीही यंत्राला ठाऊक नसते. त्याला फक्त आपला क्रमांक, वेळ, अक्षांश, रेखांश, वेग आणि इंजिन चालू आहे की बंद, एवढे कळते. बाकीचा सगळा अर्थ आपल्याला बाहेरून जोडावा लागतो.

तिसरी पायरी : मार्ग, थांबे आणि ड्यूटी यांची जुळणी

येथे सर्वाधिक वेळ जातो, आणि जाऊ द्यावा.

आधी मार्गाची रेघ. जाण्याचा आणि येण्याचा मार्ग एकच असेल असे गृहीत धरू नये. आपल्या उदाहरणातली बस शिवाजीनगरकडे जाताना स्वारगेटनंतर बाजीराव रस्त्याने शनिपार आणि अप्पा बळवंत चौकावरून जाते, तर परतताना शिवाजी रस्त्याने मंडईवरून येते, कारण हे दोन्ही रस्ते एकेरी आहेत. दोन्ही दिशांसाठी एकच रेघ वापरली, तर परतीच्या प्रत्येक बसने मार्ग सोडल्याची खोटी सूचना यंत्रणा दिवसभर देत राहील. प्रत्येक दिशेची रेघ आणि थांब्यांचा क्रम म्हणूनच स्वतंत्र ठेवावा. थांब्यांचे अक्षांश-रेखांश जुन्या यादीतून उचलण्याऐवजी एकदा बसमधून जाऊन फोनवर नोंदवावेत. मेट्रोच्या कामामुळे किंवा रस्तारुंदीकरणामुळे थांबा पन्नास-शंभर मीटर सरकलेला असतो आणि यादीत मात्र तो जुन्याच जागी उभा असतो.

नंतर ड्यूटी. कोणत्या दिवशी कोणती बस कोणत्या शेड्यूलवर सोडली, ही नोंद आगारात असते. सकाळी लावलेली बस वाटेत बंद पडली आणि तिच्या जागी दुसरी दिली, तर हा बदल टाइमकीपरच्या (बसच्या वेळा नोंदवणाऱ्या कर्मचाऱ्याच्या) रजिस्टरमध्ये पेनाने होतो आणि संगणकापर्यंत अनेकदा पोहोचतच नाही. अशा दिवशी बंद पडलेली बस आगारात उभी असूनही ‘कात्रज–शिवाजीनगर’ म्हणून दिसते आणि खरोखर धावणारी बस कोणत्याच मार्गावर दिसत नाही. यावर दोन उपाय आहेत. पहिला म्हणजे बसबदल नोंदवण्याची पद्धत इतकी सोपी करावी की टाइमकीपरला ती फोनवर अर्ध्या मिनिटात उरकता येईल. दुसरा म्हणजे बस कोणत्या थांब्यांवरून कोणत्या क्रमाने गेली, यावरून तिचा मार्ग ओळखण्याचा हिशेब मांडावा. वाहकाच्या तिकीट यंत्रात खेप सुरू करताना मार्ग नोंदवला जात असेल, तर ती नोंद बसच्या क्रमांकाशी आणि वेळेशी जोडून घेणे सर्वांत भरवशाचे, कारण तिकीट काढल्याशिवाय वाहकाचे काम पुढे सरकतच नाही.

चौथी पायरी : नोंदींची साफसफाई

दहा सेकंदांना एक नोंद धरली, तर सोळा तास धावणाऱ्या एका बसच्या दिवसाला ५,७६० ओळी होतात. मार्गावर बारा बस असतील तर आठवड्याच्या ४,८३,८४० ओळी झाल्या. एवढ्या ओळी एक्सेलच्या एका पानावर मावतात, त्यामुळे सुरुवातीला महागड्या प्रणालीवाचून अडत नाही.

पहिली तपासणी वेळेची. यंत्रे बहुधा जागतिक प्रमाणवेळ पाठवतात आणि भारतीय वेळ तिच्यापुढे साडेपाच तास असते. मी स्वतः पहिल्याच आठवड्यात हे विसरलो होतो. पहाटे सव्वापाचला सुटलेल्या खेपा नोंदींत आदल्या रात्रीच्या पावणेबारा वाजताच्या दिसत होत्या. मी तारखेनुसार ओळी वेगळ्या केल्या आणि ‘पहिल्या खेपा रद्द होत आहेत’ असा अहवाल मोठ्या आत्मविश्वासाने पुढे केला. आगारातल्या अनुभवी टाइमकीपरने काही न बोलता आपले रजिस्टर माझ्यासमोर ठेवले. तेव्हापासून मी फाइल उघडली की आधी साडेपाच तास मिळवतो, मग चहा घेतो.

दुसरी तपासणी स्थानाची. काही यंत्रे अक्षांश अंश आणि कला (अंशाचा साठावा भाग) यांत लिहितात: स्वारगेटसाठी १८३०.१ असा आकडा आला, तर त्याचा अर्थ १८ अंश ३०.१ कला, म्हणजे दशांशात सुमारे १८.५०२. तो नुसता दशांशचिन्ह सरकवून १८.३०१ असा वाचला आणि रेखांशाचेही तसेच केले, तर स्वारगेटची बस चाळीस किलोमीटरहून अधिक दूर, थेट सह्याद्रीच्या कड्याजवळ जाऊन बसते. एवढी ढोबळ चूक नकाशावर लगेच दिसते. जी दिसत नाही ती लहान चूक जास्त त्रास देते. पेठांच्या अरुंद रस्त्यांत स्थान शेजारच्या गल्लीत सरकते. नळ स्टॉपला जमिनीवरचा रस्ता, त्यावर उड्डाणपूल आणि त्याहून वर मेट्रो असे थर आहेत आणि नकाशावरचा ठिपका बस पुलावर आहे की खाली हे सांगत नाही. कात्रजच्या बोगद्यात तर संकेतच तुटतो. उभ्या बसचे ठिपकेही एका जागी राहत नाहीत. इंजिन बंद असताना ते धान्यावर जमलेल्या चिमण्यांसारखे आजूबाजूला उड्या मारतात आणि बस ताशी दोन-तीन किलोमीटर वेगाने ‘चालत’ असल्याचा भास होतो. इंजिन बंद असतानाचा वेग शून्य धरावा, अशक्य वेगाच्या उड्या काढून टाकाव्यात आणि उरलेले ठिपके मार्गाच्या रेघेवर आणून बसवावेत.

पाचवी पायरी : बस थांब्यावर केव्हा आली?

यासाठी थांब्याभोवती ठरावीक त्रिज्येचे आभासी कुंपण घालतात, त्याला जिओफेन्स म्हणतात. त्रिज्या नोंदींच्या अंतराला साजेशी असावी. ताशी १८ किलोमीटर वेगाची बस दहा सेकंदांत ५० मीटर जाते, पण ताशी ३६ च्या वेगाने १०० मीटर. वीस मीटरचे कुंपण घातले तर भरधाव बस दोन नोंदींच्या मधल्या मधे ते ओलांडते आणि आलीच नाही असे ठरते. म्हणून बस आत ‘दिसली’ का हे पाहण्यापेक्षा अलीकडचा आणि पलीकडचा ठिपका घेऊन मधली वेळ प्रमाणात काढावी. दिशा मात्र एका थांब्यावरून ठरवू नये, लागोपाठच्या तीन-चार थांब्यांच्या क्रमावरून ठरवावी. अखेरच्या थांब्यावर बस बराच वेळ उभी असते. तेथे येण्याची आणि सुटण्याची वेळ वेगवेगळी नोंदवावी. हे झाले की पहिल्या पायरीची वही काढून पद्मावतीच्या वेळा ताडून पाहाव्यात. एखाद्या मिनिटाचा फरक चालतो. एखादी बसच गायब असेल तर पुढे जाऊ नये.

सहावी पायरी : सरासरीने फसू नये

आता या लेखाचा गाभा. तासाला सहा बस गेल्या असतील तर कागदावर ‘दर दहा मिनिटांनी बस’ असे लिहिले जाते आणि ते खोटे नसते. परंतु त्या दहा-दहा मिनिटांनी आल्या, की जोडीजोडीने, याचा उल्लेख त्या कागदावर नसतो. दोन बसमधल्या या वेळेला कार्यालयात हेडवे म्हणतात. सगळे हेडवे दहा मिनिटांचे असतील, तर वेळ न पाहता थांब्यावर येणाऱ्या प्रवाशाला सरासरी पाच मिनिटे थांबावे लागते. समजा, ते आलटून पालटून २ आणि १८ मिनिटांचे आहेत. तासाला बस तेव्हाही सहाच. वीस मिनिटांत वीस प्रवासी सारख्या गतीने आले, तर त्यांतले अठरा मोठ्या खंडात येतात आणि सरासरी नऊ मिनिटे थांबतात. दोघांनाच एक मिनिटात बस मिळते. सगळ्यांची सरासरी ८.२ मिनिटे होते. बस तेवढ्याच, डिझेल-सीएनजी किंवा वीज तेवढीच, चालक-वाहक तेवढेच, आणि प्रतीक्षा मात्र दीडपटीहून जास्त. शिवाय त्या अठरांना भरगच्च बस मिळते आणि दोघांना जवळपास रिकामी. हिशेबाची रीत सोपी आहे: सर्व हेडवेंचे वर्ग करून बेरीज घ्यावी आणि तिला हेडवेंच्या बेरजेच्या दुपटीने भागावे.

बस जोडीने का येतात, याचे कारण चालकांच्या गप्पांत शोधण्याची पुणेकरांना सवय आहे, पण ते बहुतेक वेळा अन्याय्य असते. भारती विद्यापीठाच्या सिग्नलला एक बस दोन मिनिटे अडकली की पुढच्या थांब्यावर तेवढी जास्त माणसे जमतात, त्यांना चढायला जास्त वेळ लागतो, बस आणखी मागे पडते. तिच्यामागच्या बसला थांब्यावर कोणी उरत नाही आणि ती पुढचीला गाठते. १९६४ मध्ये न्यूवेल आणि पॉट्स या अभ्यासकांनी हे गणिताने मांडले. मोकळ्या सोडलेल्या बस आपोआप एकमेकींना चिकटतात. त्या वेगळ्या ठेवण्यासाठी कोणीतरी लक्ष घालावे लागते.

पौडकडे किंवा सिंहगडाच्या पायथ्याकडे जाणाऱ्या, तासा-दीड तासाने सुटणाऱ्या बसला हा हिशेब लावू नये. तिचे प्रवासी वेळ बघून घरातून निघतात. तेथे वेळापत्रकाशी तुलना करावी आणि वेळेआधी सुटलेल्या बसला उशिरा आलेल्या बसपेक्षा मोठा दोष मानावा. पाच मिनिटे उशिराच्या बसला पाच मिनिटे थांबता येते. दोन मिनिटे आधी गेलेल्या बसमुळे पुढचा तास जातो.

सातवी पायरी : वेळापत्रक वास्तवाला जुळवणे

दर तासाच्या खेपांना प्रत्यक्षात किती वेळ लागला, तो आकडा दिशेनुसार वेगळा काढावा. येथेही सरासरी पुरेशी नसते. शंभर खेपा लागलेल्या वेळेच्या चढत्या क्रमाने लावल्या, तर पन्नासावी खेप नेहमीचा दिवस दाखवते आणि पंच्याऐंशीवी वाईट दिवस. धावण्याची वेळ पन्नासाव्या खेपेवरून ठरवावी आणि शेवटच्या थांब्यावरचा मोकळा वेळ या दोहोंतल्या फरकावरून.

समजा, कागदावर एका दिशेला ५० मिनिटे आणि दोन्ही टोकांना १० मिनिटांची विश्रांती आहे. पूर्ण फेरा १२० मिनिटांचा, म्हणजे दहा मिनिटांच्या हेडवेसाठी बारा बस. नोंदी सांगतात की संध्याकाळी एका दिशेला ५८ मिनिटे लागतात. मग फेरा १३६ मिनिटांचा झाला. दहा मिनिटांचा शब्द पाळायचा तर चौदा बस लागतील. बाराच असतील तर ११ मिनिटे २० सेकंदांचा हेडवे मान्य करावा लागेल. तिसरा मार्ग, जो सर्रास वापरला जातो, तो म्हणजे कागद तसाच ठेवून चालक-वाहकांच्या विश्रांतीतून ती मिनिटे काढणे. तो नोंदींत स्पष्ट दिसतो आणि तो दिसल्यावर गप्प बसू नये. माझ्या मते कागदावर दहा आणि रस्त्यावर काहीही, यापेक्षा खरे बारा मिनिटे केव्हाही बरे.

आठवी पायरी : चालत्या दिवशी हस्तक्षेप

सर्वांत स्वस्त आणि परिणामकारक उपाय सुटण्याच्या जागीच असतो. कात्रजहून दोन बस पाठोपाठ सुटत असतील, तर पुढच्या बावीस थांब्यांवर काही करून उपयोग नाही. स्टार्टरच्या, म्हणजे बस सोडणाऱ्या कर्मचाऱ्याच्या, हातात वेळापत्रकाबरोबरच ‘पुढची बस किती मिनिटांपूर्वी सुटली’ हा एक आकडा द्यावा. वाटेत बस धरून ठेवायची असेल, तर जेथे बरेच प्रवासी उतरतात अशी जागा निवडावी, म्हणजे आत बसून चरफडणारे कमी असतात. आपल्या मार्गावर ती स्वारगेट आहे. दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त धरू नये आणि कारण वाहकाने प्रवाशांना सांगावे. बस अर्ध्या वाटेतून परत फिरवणे हा कडू उपाय आहे. उतरवलेल्या प्रवाशांसाठी मागची बस खरोखर जवळ असेल तरच तो वापरावा.

दोन बसमधल्या वेळेचा हा आकडा चालकाला शिक्षा करण्यासाठी वापरला, तर ही व्यवस्था महिनाभरात कोसळते. यंत्राची वायर सैल होणे, अँटेनावर काहीतरी येणे, असे ‘बिघाड’ अचानक वाढू लागतात. चालकांना त्यांच्याच मार्गाचा तक्ता दाखवावा आणि कोणत्या सिग्नलला किती वेळ जातो हे त्यांना विचारावे. जे त्यांना आधीच ठाऊक असते, ते आपल्याला नोंदींतून पंधरा दिवसांनी कळलेले असते.

नववी पायरी : प्रवाशांपर्यंत माहिती

वेळापत्रक आणि थांबे जीटीएफएस या सर्वमान्य मांडणीत ठेवावेत. ती २००५ मध्ये अमेरिकेतील पोर्टलंडच्या बससेवेच्या माहितीपासून सुरू झाली. बसची चालू स्थिती, बदललेल्या वेळा आणि सूचना यांसाठी २०११ मध्ये तिला जोड मिळाली. दिल्लीने २०१८ मध्ये बसची माहिती अशा खुल्या स्वरूपात उपलब्ध केली आणि त्यामुळे बाहेरच्या लोकांनाही तिच्यावर काम करता आले. ॲपवर वेळ दाखवताना एक नियम पाळावा: बसची शेवटची नोंद काही मिनिटांपेक्षा जुनी असेल, तर अंदाज न दाखवता केवळ वेळापत्रकातली वेळ दाखवावी आणि ती तशीच आहे हे स्पष्ट लिहावे. ‘३ मिनिटांत’ असे पंधरा मिनिटे दाखवणाऱ्या बसनंतर प्रवासी ते ॲप पुन्हा उघडत नाही.

दहावी पायरी : फरक पडला का?

बदलाआधीचे चार आणि बदलानंतरचे चार आठवडे घ्यावेत, सोमवारची तुलना सोमवारशी आणि त्याच तासांची त्याच तासांशी करावी, आणि प्रतीक्षेचा वर सांगितलेला आकडा दोन्ही काळांसाठी काढावा. पुण्यात हे आठवडे निवडणे हेच अवघड काम आहे. जूनच्या मध्यावर शाळा सुरू झाल्या की सकाळचे चित्र पालटते; ज्ञानेश्वर आणि तुकाराम महाराजांच्या पालख्या नाना पेठ आणि भवानी पेठेत मुक्कामाला असतात तेव्हा मध्यवर्ती भागातले बहुतेक मार्ग वळवलेले असतात; गणेशोत्सवाच्या दहा दिवसांत शिवाजी आणि बाजीराव रस्ता संध्याकाळी बसला मिळतच नाही; दिवाळीत रस्ते मोकळे आणि बस रिकाम्या. अशा दिवसांची यादी वर्षाच्या सुरुवातीलाच करून भिंतीवर लावावी, आणि त्यात मुसळधार पावसाचे, बंदचे व मोठ्या सभांचे दिवस घडतील तसे पेनाने भरत जावे. हे दिवस तुलनेतून वगळावेत, पण त्यांच्या नोंदी पुसू नयेत. पुढच्या वर्षी पालखीच्या दिवशी बस कोठून वळवायची, हे ठरवताना त्याच काढाव्या लागतील.